शेपटीतला माणूस

पत्रे जोडायचा रिव्हेट ही एकट्याने बसवायची वस्तू नाही. बाहेरून एकाने रिव्हेट ठोकायची गन चालवायची आणि पत्र्याच्या आतून दुसऱ्याने रिव्हेटच्या टोकाशी लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा. या ठोकळ्याला बार म्हणतात. बार धरला नाही तर रिव्हेट आतून फुलत नाही, नुसता पत्रा चेपतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, गनच्या आवाजात हाकही ऐकू येत नाही, म्हणून आतला माणूस ठोक्यांनी बोलतो. एक ठोका म्हणजे अजून मार. दोन म्हणजे झकास. तीन म्हणजे बिघडलं, काढून टाक.

मास्तर आणि काकूंचा संसार या तीन खुणांवर चालला होता. जुनी लढाऊ विमानं पुन्हा उभी करायच्या त्या हँगरमध्ये मास्तर बाहेर आणि काकू आत, कारण मास्तरांचं पोट कुठल्याच विमानाच्या शेपटीत मावलं नसतं. घरी मात्र उलटा कारभार. तिथे मारा काकूंचा आणि धरून बसायचं मास्तरांनी. चहाच्या पातेल्याचा दांडा कित्येक वर्षं डुगडुगत होता. जगाची विमानं जोडतात आणि माझा दांडा उद्या, असं काकू चहा गाळताना रोज म्हणायच्या. मास्तरही रोज उद्या म्हणायचे.

हे विमान त्यांचं शेवटचं होतं. काकूंचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि काकूंशिवाय काम करायचं मास्तरांच्या मनातही येत नव्हतं. युद्धाच्या काळात तळ्यात पडलेलं ते दोन माणसांचं विमान. पुढचा वैमानिक पोहून वाचला. मागे बसला होता तो पत्राकामाचा कारागीर, नुकतीच दुरुस्ती केली म्हणून बरोबर गेलेला. मागच्या दाराला मूठ होती ती फक्त बाहेरून. इतक्या वर्षांनी विमान वर काढलं तेव्हा शेपटीत गाळ होता, शिंपले होते, पण त्या माणसाचं काहीच नव्हतं. दार मात्र बंदच होतं.

त्या दुपारी शेपटीच्या डाव्या अंगाची एक ओळ तेवढी संपवायची होती. मास्तरांनी कानांवर टोपणं चढवली. गन चालवायची, पत्र्याला हात लावून थांबायचं. दोन ठोके. पुन्हा गन, पुन्हा दोन ठोके. काम लोण्यातून सुरी जावी तसं चाललं होतं. ओळ संपली, मास्तर गन ठेवायला मागे वळले, तर काकू स्टुलावर बसून संत्रं सोलत होत्या.

"तू इथे?"

"कधीची. गुडघा भरून आला. सांगून आले की तुम्हाला."

"मग आत..."

काकूंच्या हातातली फोड हातातच राहिली.

मास्तरांनी मागच्या दारातून वाकून टॉर्च मारला. शेपूट रिकामी होती. कितीही धुतलं तरी न गेलेला तळ्याच्या गाळाचा वास तेवढा येत होता. ओळीतला प्रत्येक रिव्हेट आतून बटणासारखा गोल फुलला होता. खाली बार पडला होता. मास्तरांनी तो उचलला आणि पटकन सोडून दिला, इतका तो गरम होता.

दोघं कुणाला काही बोलले नाहीत. बोलून सांगणार काय? काही दिवस काकू हँगरमध्ये देवाचं नाव घेत वावरल्या, मास्तर उगाचच मोठ्याने खाकरत राहिले. काम मात्र अडलं नाही. काकू आत जात नसत, तरी गन चालली की पत्र्यातून दोन ठोके येत. भीती आधी काकूंची गेली. माणूस कामाला चोख आहे, त्या म्हणाल्या, आणि तुमच्यासारखा वसकन अंगावर येत नाही. मग त्या स्टूल शेपटीजवळ ओढून पत्र्याशी गप्पा मारायला लागल्या. गुडघ्याचं सांगत, शेजारणीचं सांगत, दांड्याचं गाऱ्हाणं तर रोज. दमलास का रे, असं विचारलं की आतून दोन ठोके येत, आणि काकूंचा ऊर उगाच भरून येई. पोटी लेकरू नसलेल्या बाईची माया कुठे वळेल याचा नेम नसतो.

सरतेशेवटी राहिली ती मागच्या दाराची बाहेरची मूठ. ती बसली की विमान संग्रहालयाचं. संग्रहालयाच्या बाई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या. सगळं मूळच्या ड्रॉइंगप्रमाणे हवं, एवढीच त्यांची अट होती आणि मास्तरांचाही तो धर्मच होता. जे नव्हतं ते घातलं की ते विमान राहत नाही, थाप होते, असं ते म्हणत. उभ्या जन्मात त्यांनी एकाही विमानाला थाप होऊ दिलं नव्हतं.

मास्तरांनी दार लावलं, मूठ जागेवर धरली आणि पहिला रिव्हेट मारला.

तीन ठोके.

त्यांनी तो काढला, दुसरा मारला. तीन ठोके. तोही काढला. तिसऱ्या वेळी गन टेकवायच्या आधीच आतून ठोके सुरू झाले. मोजता येणार नाहीत इतके, अख्खा पत्रा थरथरायला लागला. मास्तरांच्या हातातली गन खाली आली. काकू लंगडत पुढे झाल्या आणि त्यांनी दारावर तळहात ठेवला.

"अहो... तो रिव्हेटचं नाही सांगत."

"मग?"

"दार लावलंय तुम्ही."

मास्तरांनी दार ओढलं. ठोके थांबले. तळ्याचा वास एकदम अंगावर आला, आणि थंडी, भर दुपारी.

"आतून मूठ बसवा," काकू म्हणाल्या.

"ड्रॉइंगमध्ये नाही."

"ड्रॉइंगमध्ये तोही नाही."

उद्या बाई विमान नाकारतील, शेवटच्या कामाला बट्टा लागेल, हे सगळं मास्तरांच्या तोंडावर दिसत होतं. काकूंनी त्यांच्या मनगटाला हात लावला.

"एवढी वर्षं मी आत बसले, कधी भीती वाटली नाही. बाहेर तुम्ही होतात म्हणून. त्याच्या बाहेर कोण होतं?"

मास्तरांनी त्याच विमानाचा निकामी पत्रा काढला, कापला, कानशीने घासून मूठ केली. घासताना डोळे पुसले आणि कीस उडतो म्हणाले. काकूंनी मानून घेतलं. दोन्ही मुठी एकाच दांडीवर जोडून मास्तरांनी दार लावलं आणि रिव्हेट मारला. दोन ठोके. पुढचा, दोन ठोके. शेवटचा बसला आणि थोड्या वेळाने आतली मूठ कुरकुरत फिरली. दार वीतभर उघडलं. बाहेर कुणी आलं नाही. काकूंच्या गालाला तेवढा गार वारा लागून गेला.

त्यानंतर मास्तरांनी पत्र्यावर ठोकून पाहिलं, पण उत्तर आलं नाही. आत बारही नव्हता. तो शोधायच्या निमित्ताने काकू बराच वेळ शेपटीत डोकं घालून बसल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा रडलेल्या होत्या.

सकाळी बाईंनी दारातून हात घातला आणि त्यांना आतली मूठ लागली.

"हे ड्रॉइंगमध्ये नाही, मास्तर."

"असायला हवं होतं."

बाईंनी मूठ एकदा फिरवून पाहिली. मग मूठ नवीन आहे असं पाटीवर लिहू, एवढंच म्हणाल्या आणि विमान घेऊन गेल्या.

संध्याकाळी घरी काकूंनी घड्या केलेले कपडे लोखंडी कपाटात ठेवले आणि दार लावलं. आतून तीन ठोके आले. काकूंनी दार उघडलं. टॉवेलांच्या मध्ये बार होता. त्यांनी हात लावून पाहिला. गरम होता.

तेव्हापासून त्या घरात कुठलंच दार पुरतं लावत नाहीत. येणारे-जाणारे म्हणतात, म्हातारपण. घराच्या मुख्य दाराला तेवढी मास्तर रात्री स्वतः कडी घालतात.

गेल्याच आठवड्यातली गोष्ट. काकूंनी सकाळी चहाला पातेलं उचललं आणि त्या थबकल्या. दांडा हलत नव्हता. दोन नवे रिव्हेट, आतून बटणासारखे फुललेले. बार ओट्यावर होता.

"अहो, लागला म्हणायचा मुहूर्त."

"मी नाही गं," मास्तर म्हणाले. मग दोघांनाही हसू आलं. पोर गुणी आहे, काकू म्हणाल्या, आणि पातेल्यावरून मायेने हात फिरवला. मास्तरांनी पातेलं हातात घेऊन उलटं केलं, बाहेरची डोकी पाहिली, आणि त्यांचं हसू मावळलं.

"अगं... तो तर आतून धरतो."

"हो."

"मग बाहेरून मारलं कुणी?"

काकू मास्तरांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. मुख्य दाराची कडी कुणाला तरी आत घ्यावं तशी आतून काढलेली होती आणि दार वीतभर उघडं होतं.