चौथी हाक

साप बिळात गेलेत, गारठा पडलाय, तेव्हा आता सांगायला हरकत नाही; साप बाहेर असताना आपल्यात अशा गोष्टी सांगत नाहीत. दार लावून घ्या आणि शेगडीत एक लाकूड सरकवा. ही कुठली ऐकीव गोष्ट नाही बरं का. फर्लिन माझ्या शेजारचा. आजही त्याच्या घरी जाऊन विचारा. तो सांगेल की नाही, हे मात्र मला माहीत नाही.

गेल्या ऑक्टोबरात फिनिक्सहून चार पाहुणे यायचे होते. ब्लॅक रिव्हरच्या काठी दोन रात्री मुक्काम आणि मासेमारी. फर्लिनचा धंदाच तो. आपल्या जमातीतली जुनी माणसं मासा तोंडात घालत नसत, आणि या गड्याचं घर वीस वर्षं माशांवर चाललेलं. त्याची बायको मर्ना त्याला चिडवायची, की स्वतः कधी चाखला नाहीस आणि कुठला मासा गोड ते लोकांना सांगत फिरतोस.

बुधवारी तिच्याच स्वयंपाकघरात सगळा बेत ठरला. तंबू किती, पीठ किती, पहिल्या रात्री रस्सा आणि निखाऱ्यावरच्या रोट्या. पुतणी रेलीन समोर बसून यादी करत होती. बावीस वर्षांची पोर, तिला हे काम शिकायचं होतं. आधी फर्लिन आणि तिचा बाप, दोघे भाऊ मिळून पाहुण्यांना न्यायचे. पण मार्चमध्ये बर्फ वितळून नदी फुगली, आणि उतारावरून, म्हणजे जिथून नदी ओलांडतात तिथून, गाडी पलीकडे घालताना तिचा बाप गाडीसकट वाहून गेला. त्याचं नाव मी घेणार नाही, तुम्हीही मनात आणू नका. त्याचे बूट, टोपी, खोगीर, गळ, अंथरूण, सगळं जाळलं. त्या दिवसापासून घरात कुणी त्याचं नाव उच्चारलं नाही. गेलेल्याला नावानं बोलावलं तर तो येतो, आणि आला की एकटा परत जात नाही, हे तुम्हाला मी नव्यानं सांगायला नको.

गुरुवारी फर्लिन जमातीच्या कचेरीत नदीवरच्या मुक्कामाचं परमिट काढायला गेला. खिडकीशी उभा राहून त्यानं फॉर्म भरला, कोण कोण जाणार त्यांची नावं लिहिली. आतल्या बाईनं शिक्का मारला, नावांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सात जण ना?"

सहा हवे होते.

फर्लिननं कागद आपल्याकडे वळवून पाहिला. पहिल्या ओळीत त्याचं स्वतःचं नाव होतं. दुसऱ्या ओळीत भावाचं. वीस वर्षं त्याचा हात तसाच चालला होता, त्या दिवशीही तसाच चालला. खोडायचं तर त्याच नावावर पुन्हा पेन फिरवायचं. नवीन फॉर्म मागायचा तर कारण सांगायचं. बिचारा शरमला. "हो, सात," म्हणाला आणि बाहेर पडला.

खरं तर त्यानं तेव्हाच एखाद्या जाणत्याकडे जायला हवं होतं. पण प्रार्थना करवून घ्यायची म्हणजे दोनचार रात्री मोडणार, आणि पाहुणे शनिवारी दारात. त्यानं मर्नालाही काही सांगितलं नाही. परमिट गाडीच्या काचेमागं ठेवायचं, असा नियम आहे. त्यानं नियम पाळला. नाव बाहेरून दिसेल असं, ते नाव घेऊन तो नदीवर गेला. मला त्याचा अजून राग येतो.

तो शुक्रवार, सतरा तारीख. जागा साफ करून तंबू ठोकायला काका-पुतणी एक दिवस आधी निघाली. साडेचारला त्याच उतारावर पोचली. पाणी जेमतेम गुडघाभर. पलीकडे जाईपर्यंत दोघांनी नजर समोरच ठेवली. पुढं काठालगतच्या झाडांखाली त्यांनी सामान उतरवलं, चूल मांडली, रोट्या खाल्ल्या. चंद्र पहाटे उगवणार होता. अंधार असा, की स्वतःचा हात दिसू नये.

पावणेनऊच्या सुमाराला फर्लिन लाकडं आणायला नदीच्या वरच्या अंगाला गेला. परत आला तर चुलीजवळ रेलीन नाही. ती खाली पाण्याशी उभी होती, हातात टॉर्च. टॉर्च विझवलेली.

"इथं काय करतेस गं?"

"तुम्हीच बोलावताय ना मघापासून," ती हसून म्हणाली. "तीनदा हाक मारलीत. म्हटलं, चौथ्यांदा मारली की जाऊ. काका आज उगाच पळवतायत."

"मी वरच्या बाजूला होतो, पोरी."

तिनं खालच्या अंगाला पाहिलं. हाक खालून आली होती. उताराकडून.

"आवाज माझा होता?"

"तुमचाच. म्हणजे... तुमच्यासारखा."

"काय म्हणून हाक मारली?"

तिनं टॉर्च दोन्ही हातांत धरली. मग अगदी हळू म्हणाली, "चिमणे."

त्या नावानं तिला जगात एकच माणूस बोलवायचा, लहानपणी तिची वेणी घालताना.

तीन हाका झाल्या होत्या. आपल्यात चौथ्यांदा मागितलं की नाही म्हणता येत नाही. माणसानं मागितलं तरी नाही, आणि... असो. फर्लिननं तिचं मनगट धरलं आणि ओढत विस्तवापाशी आणलं. तिथं त्यानं तिला फॉर्मचं सगळं सांगितलं. त्याला वाटलं, पोर घाबरेल. ती घाबरली नाही. तेच वाईट झालं.

"काका, मी एकदा बोलू त्याच्याशी?" ती म्हणाली. "मला त्याचा आवाज आठवेनासा झाला होता. कितीदा आठवून पाहिला. आज आला ऐकू."

फर्लिनला रडू आलं. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, आणि तो रडणाऱ्यांतला नव्हे.

"तो तुझा बाप होता," तो म्हणाला. "आता तिथं जे आहे, त्याला तू हवी आहेस, एवढंच कळतं. तुझा जीव जाईल हे कळत नाही."

त्यानं काचेमागचा कागद काढला आणि विस्तवात टाकला. राख घेऊन तिच्या कपाळाला लावली, मग स्वतःच्या. निघून जायचं तर त्याच उतारावरून. अंधारात, पाण्यातून. तेव्हा ते शक्यच नव्हतं. त्यानं तिला पिकअपमध्ये बसवलं, काचा वर केल्या, दारं आतून लावली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. घड्याळात सव्वादहा झाले होते.

मग तो बोलायला लागला. हाक ऐकू येऊ नये म्हणून. मोठ्यानं. सामानाची यादी म्हणाला. पाहुण्यांना कुठल्या डोहावर न्यायचं, कुठला गळ लावायचा, मर्नाशी लग्न कसं जुळलं, लहानपणी शाळेतून कसा पळाला. बोलत राहिला. मध्ये श्वास घ्यायलाही त्याला भीती वाटत होती. रेलीन खिडकीला डोकं टेकून बसली होती.  डोळे उघडे.

बाराच्या पुढं नदीचा आवाज थांबला.

वाहती नदी. आवाज नाही.

फर्लिन बोलत राहिला.

पिकअपचा मागचा भाग खाली दबला. हळूच. कुणी फळीवर येऊन बसावं तसा...

त्यानं आरशात पाहिलं नाही. हात घट्ट धरला. बोलत राहिला. तीच यादी, पुन्हा. पीठ. मीठ. कॉफी. घसा बसला. शब्द फुटेनात. नुसते ओठ हलत होते. तीन वाजले असतील.

मग तोही गप्प.

आत शांत. बाहेर शांत. आता येईल. आता...

गाडीचा मागचा भाग वर आला. मागचं वजन उतरलं. कुठल्या बाजूला उतरलं, ते कळलं नाही. बऱ्याच वेळानं नदी पुन्हा ऐकू यायला लागली.

उजाडल्याबरोबर दोघं उतार ओलांडून निघाली. पाणी गुडघाभरच. साडेसातला फर्लिननं माझं दार वाजवलं, मागं रेलीन. पाहुण्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगायचं होतं, आणि आवाज तर नीट फुटत नव्हता. कपाळावर राख तशीच. पण चेहरा असा, की ओझं उतरलेला माणूस. कॉफी घेता घेता हसायलाही लागला.

"चौथी आली नाही," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी रात्रभर कान देऊन होतो. हात एकदा सोडला नाही तिचा. दारं सकाळी मीच उघडली. चौथी आलीच नाही. होय ना गं, रेलीन?"

"नाही आली," ती म्हणाली. "मला शेवटी झोप लागली, काका. इतकी छान झोप कधीपासून लागली नव्हती."

ती कप ठेवायला वळली. तेव्हा मी पाहिलं.

बाप गेल्यावर तिनं केस कापले होते, आपण कापतोच. ऑक्टोबरपर्यंत ते जेमतेम मानेपर्यंत आले होते. त्या केसांत, मागं, एक बारीक वेणी घातलेली होती. बोटाएवढी. घट्ट. नीट. टोकाला गळाचा नायलॉनचा दोरा गुंडाळून गाठ मारलेली.

फर्लिनचं हसणं थांबलं. गळाची पेटी त्यांनी उघडलीच नव्हती.

रेलीननं आमच्या तोंडाकडं पाहिलं आणि हात मागं नेला. बोटांना वेणी लागली.  ती वेणी तशीच धरून राहिली.

मी उठून हात लावला.

ओली होती.