गुलाबी झालेली हळद

जेवणाच्या सुट्टीसाठी मी लॅबच्या दाराला कुलूप लावत होते, तेवढ्यात जिन्यातून कुणीतरी दोन-दोन पायऱ्या गाळत वर आलं आणि सरळ माझ्यावर आदळलं. माझा डबा हातातून सुटला. त्यानं तो एका हाताने वरच्या वर झेलला. दुसऱ्या हातात त्याचा स्वतःचा स्टीलचा डबा होता, तो मात्र त्यानं छातीशी घट्ट धरून ठेवला होता.

"इथे हळद तपासतात ना?"

"तपासतात. सुट्टीनंतर."

"सुट्टी संपेपर्यंत मी टिकणार नाही हो..." तो म्हणाला.

आता अशा माणसाला जिन्यात उभं करून मी निवांत जेवणार कशी? आणि खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. त्याच्या पापण्यांवर हळद होती. दोन्ही पापण्यांवर, बारीक पिवळी पूड. तो घाबरून डोळे मिचकावत होता आणि ती हळूहळू गालांवर उतरत होती. मी मुकाट्यानं कुलूप काढलं.

तो मसाल्याच्या गिरणीचा. गिरणी वडिलांची, पण यंदा पहिल्यांदाच त्यांनी खरेदी मुलावर सोपवली होती. यानं गाडीभर हळकुंडं स्वतः पारखून आणली, दळली, पोती शिवून ठेवली. उद्या सकाळी ती सगळी पोती एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जायची होती. आणि आज, मनात शंका नको म्हणून, मोबाइलवर व्हिडिओ लावून यानं घरीच तपासणी केली. मित्राकडून आणलेल्या ॲसिडचे थेंब हळदीवर टाकले, आणि...

"गुलाबी झाली," तो म्हणाला. "कपडे रंगवायचा पिवळा रंग मिसळलेला असला की गुलाबी होते ना? बाबांनी जन्मात कुणाला चिमूटभर खोटी हळद विकली नाही. आणि मी पहिल्याच खेपेला आजारी माणसांच्या ताटात..."

"बाबांना सांगितलंत?"

"खड्डा खणायला माणूस लावून आलोय. आधी पोती पुरतो, मग सांगतो. त्यानंतर ते मला गिरणीत उभं करतील असं वाटत नाही."

मी ॲप्रन चढवला. त्याच्या डब्यातली एक चिमूट हळद परीक्षानळीत टाकली आणि वरून थोडं स्पिरिट ओतलं.

"पाणी नाही का घालत?"

"हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही. स्पिरिटमध्ये लगेच उतरतो. हट्टी असतो तो."

"हट्टी माणसं मला कळतात," तो म्हणाला. एवढ्या संकटातही स्वारीची जीभ चालूच होती!

नळीतलं पाणी... छे, बघा, माझंही लक्ष ठिकाणावर नव्हतं! नळीतलं स्पिरिट सोन्यासारखं पिवळं झालं. मी ॲसिडचे थेंब सोडले. पिवळा गेला आणि लालसर गुलाबी चढला. त्यानं डोळे गच्च मिटले.

"झालं. बघितलंत ना?"

"मी बघतेय. तुम्ही डोळे उघडा."

"नको."

"उघडा म्हणते ना!"

त्यानं एक डोळा उघडला. मी नळीत पाणी सोडायला सुरुवात केली, थोडं, मग आणखी थोडं. गुलाबी फिका झाला... विरला... आणि खालून पुन्हा तो आपला ओळखीचा पिवळा वर आला.

"गेला?" त्यानं दुसराही डोळा उघडला. "गुलाबी कुठे गेला?"

"जायचाच होता. कडक ॲसिडमध्ये चांगली हळदसुद्धा रंग बदलते. पाणी घातलं की परत पिवळी. भेसळीचा रंग असता ना, तर पाणी ओतून ओतून नळी भरली असती, पण गुलाबी हटला नसता. तुमच्या व्हिडिओत हे पुढे सांगितलं नव्हतं?"

तो ओशाळला. "मी अर्धाच बघितला. गुलाबी झाल्यावर पुढे कोण बघत बसतं?"

मी हसले, आणि मग तोही हसला. स्टुलावर बसला, "हुश्श..." म्हणाला आणि बाहीने डोळे पुसायला गेला. बाहीवरची हळद डोळ्यांत गेली, म्हणून मग मीच त्याला नळाशी नेलं. तोंड धुता धुता त्यानं खड्डेवाल्याला फोन लावला. "बुजव रे! हो, सगळा बुजव!"

"एवढ्यात नाचू नका," मी म्हटलं. "ही झटपट परीक्षा झाली. शिसं वगैरे बाकीचं मशीनवर बघावं लागतं. संध्याकाळी रिपोर्ट."

"मग मी इथेच थांबतो."

आणि थांबला की! माझ्या डब्यातलं अर्धं त्यानं खाल्लं, तेही "नको नको" म्हणत. मी हळदीचे नमुने तपकिरी बाटल्यांत भरत होते, तर म्हणाला, "आमच्याही खिडक्यांना जाड पडदे आहेत. उन्हानं हळदीचा रंग उडतो. बाबा तर म्हणतात, पोरगा काळा पडला तरी चालेल, हळद फिकी पडता कामा नये."

"आणि पोरगा काय म्हणतो?"

"पोरगा म्हणतो, तुमची बोटंही पिवळी आहेत. आमच्याच घरातल्यासारखी."

मी बोटं ॲप्रनच्या खिशात घातली. मशीनचा आवाज चालू होता हे बरं होतं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. सगळं स्वच्छ! माझ्याच छातीवरचं ओझं उतरलं, मग त्याची काय कथा? कागद हातात घेऊन तो दारापर्यंत गेला, परत फिरला.

"एक सांगू? मला ना... तुमच्याबरोबर रोज डबा खायला आवडेल. म्हणजे रोजच. म्हणजे... कायमचा—"

माझे कान तापले. गाल, कपाळ, गळा, सगळं लालेलाल झालं असणार. तो माझ्याकडे बघतच राहिला, मग त्याचा चेहरा पडला.

"चुकलं माझं. माफ करा," म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत पळाला. त्याचा स्टीलचा डबा माझ्या टेबलावर तसाच.

त्या रात्री मला त्याचा असा राग आला की विचारू नका. आणि रागापेक्षा धाकधूक जास्त. मूर्ख माणूस खरंच परत आला नाही तर?

सकाळी तो डबा घेऊन मी गिरणीवर गेले. पोत्यांची गाडी नुकतीच रवाना झाली होती. दारात पांढऱ्या मिशांचे, नखशिखांत पिवळे झालेले गृहस्थ उभे होते. त्यांनी मला बघितलं, माझ्या हातातला डबा बघितला आणि आत हाक मारली, "अरे, बाहेर ये! काल रात्रीपासून ज्यांच्यापायी जेवला नाहीस, त्या आल्यात!"

तो बाहेर आला. पापण्यांवर पुन्हा हळद.

"काल पळालात का?" मी विचारलं.

"तुम्ही लाल झालात... मला वाटलं, चिडलात."

"अर्धंच बघून पळायची खोडच आहे तुम्हाला! लाल झाल्यावर पुढे काय होतं, ते थांबून बघायचं असतं."

वडील खाकरले आणि गडबडीने पडदे नीट करायला आत गेले. तो माठातून पेलाभर पाणी घेऊन आला आणि माझ्यापुढे धरला. मी सगळं प्यायले. तो माझ्या गालांकडे टक लावून बघत होता, या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"पाणी घातलं," तो हळूच म्हणाला, "पण गुलाबी काही गेला नाही. म्हणजे... भेसळ आहे?"

"आहे," मी रिकामा पेला त्याच्या हातात देत म्हटलं. "कालपासून तुम्ही मिसळलात."