फाशाच्या जागी तीळ

कपाटाचं कुलूप शाबूत होतं, काच लख्ख पुसलेली होती आणि आतला फासा गायब होता.

गिरगावातल्या त्या छोट्या संग्रहालयात इन्स्पेक्टर रामदास परब सकाळी पोचले, तेव्हा संचालिका मेघना सबनीसांनी चोर ठरवूनही टाकला होता.

"मयूर. रोमन फाशांवर पीएच.डी. करतो. काल दिवसभर इथेच घुटमळत होता. ही लेखी तक्रार. अटक करा त्याला."

परबांना अशी तयार उत्तरं पचत नसत. ते कपाटाशी वाकले. शेजारचं रोमन सोन्याचं नाणं जागच्या जागी होतं. फाशाच्या जागी, पांढऱ्या कापडावर, दोन काळे तीळ पडले होते. खाली करकरीत नवी पाटी: 'रोमन खलाशाचा फासा. अस्थी. इटलीजवळच्या समुद्रातून.'

"पाटी कधी लावली?"

"परवा. इतकी वर्षं इंग्रजी होती. शुद्ध मराठी मी केलं," मेघना जरा ताठ होत म्हणाल्या.

आतल्या खोलीत मयूर घामाघूम होऊन बसला होता.

"फासा कशाचा होता?"

"बैलाच्या हाडाचा, सर. सगळे फासे एकावर पडले की रोमन लोक त्या दानाला कुत्रा म्हणायचे. सगळ्यात वाईट दान. आज माझं तेच पडलंय. केस झाली तर संपलोच मी. घरी आई एकटी आहे."

"कपाटाची किल्ली कोणाकडे?"

"मॅडमकडे. आणि पुसायला येतात त्या कमलाबाईंकडे."

कमलाबाई बाहेर फडकं हातात घेऊन उभ्या होत्या. राहायला काळाचौकीला, मूळच्या मालवणच्या. परबांनी आवाज खाली आणला.

"मावशी, काल सर्वपित्री होती. कोणाचं पान वाढलंत?"

"झिलाचा. माझो दीपक. बोटीर कामाक होतो. इटलीकडे बोट बुडली. तो गावलोच नाय."

"अहो, पण त्यांच्या मुलाचा फाशाशी काय संबंध?" मेघनांनी विचारलं. मयूरही दारात येऊन उभा राहिला होता.

"सोनं सोडून हाड नेलं, म्हणजे पैशासाठी नेलं नाही. इंग्रजी पाटी होती तोवर कोणी हात लावला नाही. मराठी लागली आणि दुसऱ्याच दिवशी, नेमकं सर्वपित्रीला, फासा गेला. मागे तीळ राहिले." परबांनी नव्या पाटीकडे बोट दाखवलं. "मॅडम, हाड कुठेही पडतं. अस्थी पाण्यात सोडतात."

कमलाबाईंनी फडकं खाली ठेवलं.

"मीच नेलंय, सायबा. चौपाटीर सोडलंय. त्या पोराक अडकवू नका, तेची आवस वाट बघता." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तो खलाशीय कोणाचो तरी झीलच ना? कधीपासून काचेत पडललो. माझो तिकडे कोणाक गावलो, तर तेका पण कोणतरी असोच सोडीत."

परबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"पण ते तर बै..." मयूर बोलून गेला. परबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बरं केलंत, मावशी," मयूर म्हणाला.

मेघनांनी कपाट उघडून पाटी काढून घेतली. तक्रारीचा कागद त्यांनी केव्हाच चुरगळला होता.

"पोचलो आसतलो ना, सायबा?"

"पोचला, मावशी," परब म्हणाले. "दोघंही पोचले."