पाझरणारा वाडगा

"हा माझा वाडगा नाही," मोरिता सेन्सेईंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या या गॅरेजमध्ये या जपानी शिक्षिकेचं सारं आयुष्य मातीकामात गेलं होतं. त्यांचा मुलगा केन भरलेली बॅग घेऊन दारात उभा होता. ज्या आईला स्वतःचा चहाचा वाडगा ओळखू येत नाही, तिला तो आज विसराळू म्हाताऱ्यांच्या होममध्ये नेऊन सोडणार होता.

नीलांबरीनं टेबलावरच्या वाडग्याकडे पाहिलं. तोच राखाडी रंग, तोच वाकडा काठ. वाकडेपणातच मातीचं देखणेपण असतं, असं सेन्सेई शिकवत. तिला काहीच वाटलं नाही. स्वतःची आई वारल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. शिवाय हल्ली तीही विसरायची. गॅस चालू ठेवून गेलीस, असं अतुलनं तिला दोनदा सुनावलं होतं. अतुल तिचा नवरा. दर शनिवारी दोघं इथं शिकायला येत.

"तोच आहे यार," अतुल म्हणाला. "खाली त्यांच्या नखाची खूण पण आहे. सेन्सेई कन्फ्यूज झाल्यात."

नीलांबरीनं सेन्सेईंना विचारलं, "जुन्या आणि नव्या वाडग्यात फरक काय असतो?"

"नवा पाझरतो. वर्षानुवर्षं चहा मुरला, की त्याची छिद्रं बुजतात. तरी मी तो आधी भिजवते. कोरड्यात उकळतं ओतलं, तर तडकेल."

नीलांबरीनं वाडग्यात पाणी ओतून तो कागदावर ठेवला. बऱ्याच वेळानं तिनं वाडगा उचलला. कागदावर ओलं वर्तुळ उमटलं होतं.

"म्हणजे आईचं खरं होतं?" केननं विचारलं.

नीलांबरी अतुलकडे वळली.

"सेन्सेईंचा वाडगा तू कधी हातात घेतला होतास?"

"कधीच नाही. त्या कुणाला हात तरी लावू देतात का?"

"आणि हा? आज उचललास?"

"नाही."

"मग खालची खूण तुला कशी माहीत?"

अतुल खिशातल्या किल्लीशी चाळा करू लागला.

"तू त्यांच्या वाडग्यात चहा घेतलास," ती म्हणाली. "आपला, उकळता. भिजवायचं तुझ्या डोक्यातच आलं नाही. तो तडकला. भट्टीची किल्ली तुझ्याकडेच असते, म्हणून खालच्या नखाच्या खुणेसकट दुसरा करून ठेवलास. नक्कल झकास जमली. पण त्यात चहा मुरवायला तुला वर्षं कुठून मिळणार?"

"भीती वाटली गं. इतकी जपतात त्याला..."

"आणि त्यांना वेड्यात काढताना भीती नाही वाटली?"

तिनं केनला सगळं इंग्रजीत सांगितलं. त्यानं बॅग खाली ठेवली. सेन्सेईंनी अतुलला एवढंच विचारलं, "तुकडे?"

"फेकले."

"फुटलेलाही मला चालला असता," सेन्सेई म्हणाल्या आणि पाठ फिरवून हात धुवायला गेल्या.

घरी जाताना अतुल गाडी चालवत होता. लाल सिग्नलला गाडी थांबली, तशी नीलांबरीनं विचारलं.

"अतुल, त्या दोन्ही वेळी गॅस कुणी चालू ठेवला होता?"

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी जागची हलली नाही. मागच्यानं हॉर्न वाजवला, आणि कितीतरी महिन्यांनी नीलांबरीला राग आला.