दोन बोटांची अंगठी

दर गुरुवारी दुपारी आमच्या वस्तुसंग्रहालयात लोक आपापल्या जुन्या वस्तू दाखवायला येतात. ही प्रथा मीच सुरू केली आणि तिचा सगळ्यात जास्त वैतागही मलाच येतो. कुणी आजीचं म्हणून बाजारातलं पत्र्याचं कडं आणतं, कुणी सोव्हिएत काळातला चमचा पुढे करून हा खानाच्या पंगतीतला आहे का, असं विचारतं. मी पंचवीस वर्षं जुनी चांदी ओळखण्याचं काम करते आहे. समोरच्याला वाईट वाटू न देता 'यात काही नाही' असं सांगण्यात माझा हातखंडा आहे, असं मला वाटतं. किदिरबायला विचाराल तर तो वेगळंच सांगेल.

किदिरबाय पाण्याचा टँकर चालवतो. रविवारी मात्र धातू शोधायचं मशीन गळ्यात अडकवून आमच्या मांगिस्ताऊ भागातल्या पांढऱ्या कड्यांखाली हिंडतो. आमचे पणजोबा उंट-मेंढ्या घेऊन जिथे हिवाळा काढत, त्या ओसाड वस्त्यांमध्ये त्याला काडतुसं मिळतात, लगामाच्या कड्या मिळतात, क्वचित झारच्या काळातलं नाणं. थडग्यांना हात लावत नाही, हे तो मला दर वेळी शपथेवर सांगतो, मी दर वेळी डोळे वटारते आणि मग आम्ही कामाला लागतो.

मार्चमधल्या त्या गुरुवारी त्याने रुमालाची गाठ सोडली.

आत अंगठी होती. खाली दोन कड्या शेजारी शेजारी, आणि दोन्हींवर मिळून एकच रुंद घुमट. अशी अंगठी दोन बोटांत मिळून घालायची असते. विहिणीची अंगठी. मुलीची आई ती मुलाच्या आईला देते. दोन घरं एका चांदीखाली आली, आता माझ्या लेकीला सांभाळ, असं तिचं म्हणणं असतं. मुलाच्या आईने ती बोटांत सरकवली की मुलगी पदरात घेतली. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. किदिरबायला जाणून घ्यायचं होतं ते तिचं वय आणि घडण.

मी भिंगाखाली धरली. बारीक रवाकाम, वरून सोन्याचं पाणी, मधोमध मांसाच्या रंगाचा अकीक. आमच्या अदाई टोळीतल्या सोनाराचं काम, सव्वाशे वर्षांचं तरी नक्कीच. पण एक गोष्ट मला खटकली. आमच्या खाऱ्या मातीत चांदी शंभर वर्षं पडून राहिली की काळी ठिक्कर होते, तिच्यावर शिंगासारखा थर चढतो. ही लखलखीत होती. सोड्याने घासलीस ना मूर्खा, असं मी त्याला झापलं. त्याने आईची शपथ घेऊन सांगितलं की फुंकरसुद्धा मारलेली नाही.

दुसरी गोष्ट आतल्या बाजूला होती. वापरलेल्या अंगठीच्या कडा आतून गुळगुळीत होतात. इथे सोनाराच्या कानशीचे ओरखडे जसेच्या तसे होते. अंगठी घडवली गेली, पण कुणाच्याच बोटांत गेली नव्हती. ती घेणारं घर मुलीच्या आईला मिळालंच नसावं.

वस्तू अंगावर घालून बघायची नाही, हा नियम मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. ही अजून संग्रहात आली नव्हती, अशी मी स्वतःची समजूत घातली. डाव्या हाताची की उजव्या, एवढंच बघायचं होतं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांत ती अलगद सरकली. माझ्याच मापाची निघाली.

किदिरबायला चेव आला. छातीवर हात ठेवून तो वाकला आणि बायकी आवाजात म्हणाला,

"विहीणबाई, आमची पोर पदरात घ्या. घरचं सगळं येतं तिला. फक्त थंडी फार वाजते."

मलाही हसू आलं. अशा वेळी जे म्हणायचं असतं ते मी म्हटलं. "आणा की. लेकीसारखी ठेवीन. आमचा येस्बोल बत्तीस वर्षांचा घोडा झालाय, बघा तुमच्या पोरीला चालतो का."

येस्बोल माझा एकुलता एक. नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तो तेलविहिरींवर काम करतो, पंधरा दिवस तिकडे आणि पंधरा दिवस घरी. त्याचं लग्न हा माझ्या जिवाला लागलेला घोर होता. सासूबाईंची चांदीची कर्णफुलं होणाऱ्या सुनेच्या कानांत घालायला म्हणून मी कपाटातल्या डबीत जपून ठेवली होती.

अंगठी सहज निघाली. ती टेबलाच्या खणात ठेवून मी कुलूप लावलं.

शनिवारी दुपारी बाजारातून आले, तर दाराशी पांढऱ्या फडक्याने झाकलेला वाडगा होता. आमच्या शहरात रस्त्यांना नावं नाहीत, नुसते विभागांचे, इमारतींचे आणि घरांचे आकडे. पाहुण्याला घर सापडता सापडत नाही. तेव्हा वाडगा थोरल्या जाऊबाईंचाच असणार. किम्बात जाऊबाई शेजारच्याच इमारतीत राहतात आणि मनात आलं की काहीबाही पाठवतात. मला सपाटून भूक लागली होती. मी ओट्याशी उभ्यानेच खाल्लं. मांस कोमट होतं, मीठ जेमतेम, आणि शेणाच्या गोवऱ्यांवर शिजवल्याचा वास होता, लहानपणी आजोळी यायचा तसा.

वाडगा धुवायला घेतला तेव्हा तो लाकडी आहे हे लक्षात आलं. जाऊबाईंकडे सगळी चिनी मातीची भांडी. मी फोन लावला.

"मी आज गॅससुद्धा पेटवला नाही," त्या म्हणाल्या. "काय होतं त्यात?"

कलेजी, मी सांगितलं. आणि शेपटीची चरबी. सांगता सांगताच माझ्या ध्यानात आलं. सोयरीक ठरते तेव्हा दोन्हीकडची माणसं एकमेकांना हेच भरवतात. ते खाल्लं की मग मोडता येत नाही.

"सगळं खाल्लंस?"

मी हो म्हटलं आणि अंगठीचंही सांगून टाकलं. जाऊबाईंनी मला पुढे बोलू दिलं नाही.

"येस्बोलला फोन कर. म्हणावं, तिकडेच राहा. घरी येऊ नकोस."

तो मंगळवारी यायचा होता. मी फोन केला नाही. मी शिकलेली बाई, पोराला सांगणार काय? दारात ठेवलेली कलेजी खाल्ली म्हणून घरी येऊ नकोस? मला लाज वाटली. ती लाज मी अजून स्वतःला माफ केलेली नाही. शेजारपाजारच्या कुणीतरी चुकून ठेवला असेल वाडगा, असं मी ठरवलं. आणि तरीही रविवारी सकाळी संग्रहालयाचं दार उघडून अंगठी घेतली आणि किदिरबायला म्हटलं, चल, जिथून आणलीस तिथे मला घेऊन चल.

अडीच तासांचा रस्ता. निम्मी वाट तो रेडिओची बटणं फिरवत राहिला. मग स्वतःहून म्हणाला, "आपा, एक सांगायचं राहिलं. मशीन वाजलंच नव्हतं. ती मातीत नव्हती. उंबऱ्याच्या दगडावर ठेवलेली होती. आत्ताच कुणी पुसून ठेवावी तशी."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तुम्ही थडग्यातून उचलली म्हणून शिव्या घातल्या असत्या."

मी त्याला म्हटलं, थट्टाही जरा बेतानेच करायची होती, ते थंडी वाजते वगैरे कशाला म्हणालास. त्याने गाडीचा वेग कमी केला.

"पोर पदरात घ्या, घरचं सगळं येतं, एवढंच म्हणालो मी. थंडीचं काही नाही म्हणालो."

मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्याच्याच तोंडून, तोच बायकी आवाज. पण त्याचा चेहरा बघून मी वाद घातला नाही.

वस्ती कड्याच्या पोटाशी होती. दगडांची चार-पाच घरं, छपरं कधीच पडलेली, भिंती कमरेएवढ्या. त्यातल्या एका घरासमोर किदिरबाय थबकला. गेल्या रविवारी इथे वाळू होती, गुडघाभर, असं तो म्हणाला. आता जमीन दिसत होती. झाडलेली होती, खराट्याचे फराटे दिसत होते. मधल्या चुलीत राख होती. मी तिच्यावर हात धरला. राख कोमट होती.

माणूस कुठेच नव्हतं. खुराच्या खुणा नाहीत, चाकांच्या नाहीत. लेक सासरी पाठवल्यावर घर जसं आवरलेलं आणि रिकामं असतं, तसं ते होतं.

मी अंगठी उंबऱ्याच्या दगडावर ठेवली आणि मोठ्याने म्हटलं, "चूक झाली. थट्टेत बोलले मी. माझ्या मुलाला यात ओढू नका."

काही झालं नाही. वारा होता तसाच होता. किदिरबाय केव्हाच गाडीत जाऊन बसला होता.

परत येताना हायवेला लागलो आणि फोनला रेंज आली. येस्बोलचे तीन कॉल येऊन गेले होते. मी लावला.

"आई, कुठे आहेस तू? काम लवकर संपलं, सकाळीच आलो."

मी विचारलं, घरात तू एकटाच आहेस ना?

तो हसला. त्याला इतकं मोकळं हसताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"तूच बसवून गेलीस आणि मलाच विचारतेस? चहा छान करते. आणि तुझी कर्णफुलं शोभतात हं तिला."

मागे पेल्यात चहा ओतल्याचा आवाज आला. मग तो जरा आवाज खाली करून म्हणाला, "पण आई, फारच जुन्या वळणाची दिसते. मघापासून म्हणतोय, मला येस्बोल म्हण. तर माझं नाव म्हणून घेत नाही."

आमच्याकडे सून नवऱ्याचं नाव घेत नाही.

घरी पोहोचले तेव्हा उन्हं कलली होती. तो स्वयंपाकघरात बसला होता. टेबलावर दोन पेले. समोरच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. "हळू बोल, लाजते ती," तो म्हणाला. मी कपाटातली डबी उघडली. रिकामी होती.

त्याला आता वर्ष होत आलं.

मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. डॉक्टर झाले, मुल्ला झाले, त्याला दुसऱ्या शहरात मावशीकडेही पाठवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी मावशीने फोन करून विचारलं, सुनेलाही पाठवलंस ते आधी कळवायचं नाही का. जाऊबाई आमच्या दाराशी येतात आणि आत न येता परत जातात. येस्बोलने नोकरी सोडली. तो आजारी नाही, वेडा नाही. तो सुखात आहे. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

मी तिला कधी पाहिलेलं नाही. सकाळी उठते तेव्हा माझा चहा तयार असतो. मी तो पिते. प्यायले नाही त्या दिवशी येस्बोल ताप येऊन पडला होता.

लग्नाला वर्ष झालं की मुलगी नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा माहेरी जाते. परवा ती दोघं निघणार आहेत. काल त्याने पिशवी भरली, गरम कपडे घेतले, तिच्या आईसाठी म्हणून माझी नवी शाल मागून घेतली. मी विचारलं, किती दिवस? त्याने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, ऐकल्यासारखं केलं आणि नुसता हसला.

आज सकाळी मी न्हाणीघरात गेले, तर त्याचं दाढीचं सामान फळीवर तसंच होतं. हे राहिलं रे, मी म्हटलं.

"असू दे," तो म्हणाला. "ती म्हणाली, तिकडे दाढी वाढत नाही."