जित्या माणसाचं चित्र

परतीच्या पावसानं त्या शनिवारी मला रस्त्यातच गाठलं. लॅब सुटली होती, मुकुंदवाडीची रिक्षा मिळत नव्हती आणि छत्री नेमकी घरी. समोरच्या सभागृहाच्या दारात एक कापडी फलक फडफडत होता – ‘नव्या चित्रकारांची छापचित्रं. आवडलं तर घरी न्या.’ मी काही आवडून घ्यायला नव्हे, नुसती कोरडी राहायला आत शिरले.

तसं माझ्या नव्या घरात भिंती मोकळ्याच होत्या. माझे आईवडील, मंजुळा आणि सोनाजी, मेंढ्यांमागं हिंडणारे. माझं निम्मं बालपण पालात गेलं, उरलेलं वसतिगृहात. भिंतीला काय लावतात हे मला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. एक कॅलेंडर होतं, तेही औषधाच्या कंपनीनं दिलेलं.

ओढणीचं टोक पिळत मी एकेक चित्र बघत चालले आणि शेवटच्या भिंतीशी थबकले. काळ्या शाईत छापलेली एक पाठमोरी बाई. काठी मानेवर आडवी, दोन्ही हात तिच्यावरून लोंबते सोडलेले, पाठीवरच्या झोळीतून एका कोकराचं तोंड बाहेर. पुढं नुसता माळ.

“निवांत बघा,” मागून कुणीतरी म्हणालं. “पण ती वळायची नाय. मी लई वाट बघितली.”

“वळली तर ओरडेल,” मी न वळताच म्हणाले. “तिला असं मागून बघितलेलं चालत नाही.”

“ओळखता तुम्ही?”

“माझी आई आहे.”

वळून बघितलं तर हाताच्या बोटांना शाई लागलेला एक उंच मुलगा उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उडाला होता.

तो बद्रीनाथ. खुलताबादजवळच्या एका गावचा, आप्पासाहेबांचा मुलगा. ते नाव ऐकलं आणि मला सगळं आठवलं. मका निघाली की आमची मेंढरं दरसाल त्यांच्या रानात बसायची, जमिनीला खत व्हावं म्हणून. आम्ही त्यांच्या ओट्याखाली, अंगणात. वर बसू नका असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. बसा, असंही कुणी म्हणालं नव्हतं.

“हे असं लाकडावर कोरतो, शाई लावून कागद दाबतो,” तो भानावर येत सांगू लागला. “एका ठशाचे पुष्कळ कागद निघतात. म्हणून तर तुमच्या-माझ्यासारख्याला घरी नेता येतं…”

“म्हणजे माझी आई किती घरांत पोचलीय?”

“एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात. एक पुण्याला.”

“आणि तुमच्या घरात?”

त्यानं बोटांची शाई चोळली. ती जाणार नव्हती. “वडील म्हणाले, मेंढकीण कशाला भिंतीवर?… लागलं नाही ते आमच्याकडं.”

त्याला खोटं सांगता आलं असतं. त्यानं सांगितलं नाही, हे मला घरी गेल्यावर जाणवलं. तेव्हा मात्र मी नुसती रागावले होते. चित्र तो असंच देत होता, मी घेतलं नाही. “आधी तिला विचारा,” म्हणाले, आणि पाऊस थांबायच्या आतच बाहेर पडले.

तो खरंच विचारायला निघाला. दिवाळीनंतरच्या रविवारी त्याच्या मोटारसायकलवर आम्ही डोंगर चढून आईच्या पालाकडं गेलो. मधे पिशवी ठेवली होती, त्यात ते चित्र. वळणावळणाला पिशवी सरकायची आणि दोघंही एकदमच ती सावरायचो.

आई रानात कोकरांना पाजत होती. चित्र हातात घेऊन तिनं ते लांब धरलं, जवळ धरलं.

“मला इचारलं का रं, काढायच्या आधी?”

“नाही. चुकलं माझं.”

“आन् तोंड का नाय काढलं?”

तो खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “समोर आलात की मी मान खाली घालायचो, काकू. तुम्ही अंगणात बसायच्या, आम्ही वर. लाज वाटायची… पाठ तेवढी नीट बघितलीय मी.”

आईनं कोकरू खाली सोडलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली. “बघ मग आता.”

त्यानं बघितलं. कागद-पेन्सिल काढली नाही, नुसतं बघितलं. मी त्याच्याकडं बघत होते.

निघताना चित्र मी माझ्या पिशवीत घालायला लागले तर आईनं हात धरला. “भिंतीला लावू नको हां. जित्या माणसाला भिंतीवर टांगत नसतेत. उद्या कुणी हार घालायचं.”

झालं. त्याच्या घरात जागा नव्हती आणि माझ्या घरात परवानगी नव्हती. ते चित्र मी कपाटात ठेवायचं ठरवलं.

“मग भिंतीचं काय?” परतताना त्यानं विचारलं.

“राहू दे मोकळी.”

“माझे दोस्त आहेत… त्यांची कामं कुणी बघत नाही. दाखवू?”

त्या हिवाळ्यात आम्ही शहरभर चित्रं बघत हिंडलो. फर्दापूरची सरू होती. तिचे वडील लेण्यांपाशी पर्यटकांना रंगीत दगड विकायचे. तिनं लेण्यांचं एकही चित्र केलं नव्हतं. तिनं छापले होते चढून दमलेल्या लोकांचे पाय, पायरीवर पसरलेले, बूट काढून बाजूला ठेवलेले. फकिरा वाळूजच्या कारखान्यात कामाला होता. कंपनीच्या बसमध्ये एकमेकांच्या खांद्यावर झोपलेले कामगार तो पत्र्यावर कोरायचा. त्याच्या खोलीत बसायला जागा नव्हती, म्हणून आम्ही तिघंही उभ्यानंच बघायचो.

बद्रीनाथ एकेक चित्र माझ्या घरी आणून लावायचा. मी आठवडाभर बघायची आणि म्हणायची, “छान आहे. पण दुसरं आणा.”

एकदा हातोडी हातात धरूनच तो म्हणाला, “तुम्हाला भिंत सजवायची नाही.”

“मग?”

“भिंतीच्या निमित्तानं मला घरी बोलवायचंय.”

मी चहा ठेवायला आत गेले. आतूनच म्हणाले, “साखर किती घालू… तुला?”

त्या ‘तुला’नंतर बाहेर हातोडीचा आवाज बराच वेळ आला नाही.

मग जे व्हायचं ते झालं. गावात कुणीतरी आमच्याबद्दल सांगितलं, आणि एका सकाळी आप्पासाहेब माझ्या दारात. पांढरं धोतर, टोपी, कपाळावर आठी. आई राहायला आलेली होती. ती आतून पदर सावरत आली.

“भाईर का हुबे? आत या की.”

ते खाटेच्या कडेला बसले. समोर सरूचं चित्र होतं. तेच मी शेवटी ठेवून घेतलं होतं. ते त्यांनी बराच वेळ बघितलं.

“हे काय?”

“पाय,” आई म्हणाली.

“कुणाचे?”

“कुणाचे का असंनात. दमल्यालं दिसतेत.”

त्यांच्या आठीत काहीतरी हललं. मग ते म्हणाले, “मंजुळाबाई, पोरगं ऐकंना झालंय.”

“माझी तरी कुठं ऐकती?”

“लोकं नावं ठेवतेन.”

“ठेवतेन की. आमाला तर कवापासून ठेवतेत.” आईनं चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला आणि स्वतः खाली न बसता शेजारची खुर्ची ओढली. “आप्पासाहेब, तुमच्या रानात आमचे कैक हिवाळे गेले. दाणा दिला, पानी दिलं, नाय म्हनत नाय. आता एकच सांगा. पोरगी तुमच्या घरी आली, तर मी तिला भेटाया आल्यावर बसायचं कुठं?”

आई आवाज न चढवता बोलली होती. आप्पासाहेबांनी कप उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. सगळा चहा प्यायले. उत्तर न देताच उठले.

संध्याकाळी बद्रीनाथ धावतच आला. सगळं ऐकून जिन्यातच बसला. “मी देतो उत्तर. आपण इथं राहू, काकू आपल्या घरात हव्या तिथं बसतील. आप्पा काय म्हणतात त्याची—”

“तुझं उत्तर मला ठाऊक आहे,” मी त्याच्या शेजारी बसले. “आईनं त्यांना विचारलंय.”

“आणि त्यांनी दिलंच नाही तर?… तू नाही म्हणशील?”

मी त्याचा हात हातात घेतला. नखांत शाई होती. मला ‘नाही’ म्हणता आलं नसतं, आणि आईला तशी अंगणात बसलेली बघताही आलं नसतं. दोन्ही खरं होतं. त्यानं हात सोडवला नाही.

आठवडा गेला, दुसराही गेला. आई कोकरांच्या काळजीनं परत जायचं म्हणू लागली. अशाच एका दुपारी फोन वाजला. बद्रीनाथची आई, चतुराबाई. माझ्याशी ती दोन शब्दच बोलली आणि म्हणाली, मंजुळाबाईला दे. मी फोन स्पीकरवर टाकला.

“रविवारी जेवायला या, सोनाजीभाऊंना घेऊन,” ती म्हणाली. “हे कवाधरनं येरझाऱ्या घालायलेत, मला म्हणले तूच बोल. तुम्ही इचारलं ना, कुठं बसायचं? माझ्या स्वयंपाकघरात बसा, माझ्या शेजारी. आपण दोघी भाकरी करू. तिथं कुणाला इचारावं लागत नाय.”

आईनं फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

लगेच बद्रीनाथचा फोन. “काय झालं? आई काय म्हणाली? आप्पा नुसते अंगणात फिरतायत…”

“रविवारी जेवायला बोलावलंय.”

“आणि काकू? येणार?”

“आई लुगडं निवडतीय.”

तो हसला. मग थोडा थांबला, आवाज खाली आला. “आणि तू?”

“मी…” मी दाराला टेकले. “मी कधीच निवडलंय.”