सुघटक

नागपूरच्या प्रथिन संशोधन संस्थेत तिसऱ्या मजल्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची खोली होती. त्या दिवशी सकाळी डॉ. झुबेर काझी यांनी एकाच नमुन्याची चित्रं तीनदा काढली. तिन्ही वेळा तेच दिसलं. मग त्यांनी खुर्ची मागे सारली आणि दाराशी उभ्या असलेल्या डॉ. कस्तुरी पराते हिला म्हणाले, "ये. तूच बघ."

नमुना मेंदूच्या मोहरीएवढ्या तुकड्याचा होता, आणि तो मेंदू कस्तुरीच्या मुलीचा होता.

पर्णी दहा वर्षांची. दिवाळीपासून तिची झोप कमी होत गेली. आधी ती पहाटेच जागी व्हायची, मग तासन् तास नुसती पडून राहायची. माघ सरेपर्यंत ती बोलता बोलता मध्येच थांबून भिंतीकडे पाहू लागली. थंडीतही तिला घाम यायचा. झोपेच्या गोळ्यांनी ती गुंगायची, पण झोपायची नाही. शहरातल्या डॉक्टरांनी सगळे उपाय करून पाहिले. ही लक्षणं कस्तुरीला पाठ होती. पण पर्णीला तो आजार होणं शक्यच नव्हतं. ती जन्मायच्या आधीच कस्तुरीनं त्याची खात्री करून घेतली होती.

पराते घराणं भंडाऱ्याजवळच्या एका गावात कोसा रेशीम विणणारं. त्या घराण्यात प्रत्येक पिढीत दोघातिघांची चाळिशीनंतर झोप उडायची आणि वर्षभरात माणूस जायचा. कस्तुरीचे वडील चार महिने उघड्या डोळ्यांनी मागावर बसून होते. शेवटी शेवटी हातात धोटा नसतानाही त्यांचे हात विणत राहायचे. ते गेले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. गावात करणीची कुजबुज होती. खरं कारण तिला पुढे नागपूरला शिकायला आल्यावर कळलं. विसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं होतं.

घराण्यातल्या लोकांना ती हे मण्यांच्या माळेवरून समजावून सांगायची. हे जनुक म्हणजे दोनशे त्रेपन्न मण्यांची माळ कशी ओवायची याची सूचना. माळ ओवून झाली की तिची एक ठरावीक घडी पडते. तेच प्रिऑन प्रथिन. आपल्या घराण्यात एकशे अठ्ठ्याहत्तरावा मणी वेगळा पडतो. त्यानं घडी सैल होते, आणि चाळीस-पन्नास वर्षांत कधीतरी एखादी माळ उलटी दुमडते. उलटी माळ शेजारच्या माळेला आपल्यासारखं दुमडायला लावते, ती तिच्या शेजारणीला. झोपेचं केंद्र आधी जळून जातं.

तपासणी केली तेव्हा ते जनुक कस्तुरीतही निघालं, थोरला भाऊ हेमराज याच्यातही. ती तेहतीस वर्षांची असताना हेमराजची झोप कमी व्हायला लागली.

तोवर तिनं आणि काझी सरांनी एक नवं प्रथिन घडवलं होतं. त्याला त्यांनी सुघटक हे नाव दिलं. वेगळ्या मण्याची माळ दिसली की तो तिला धरायचा आणि सरळ घडीत बसवायचा. मेंदू रोज नवी माळ ओवत असतो, म्हणून औषधही रोज लागलं असतं. कस्तुरीनं त्यावर तोड काढली. सुघटकानं सुधारलेली माळ स्वतःच सुघटक होईल अशी तिनं रचना केली. रोग जसा पसरतो तसंच औषधही पसरणार होतं. एकदा पाठीच्या कण्यातून टोचलं की जन्मभराचं काम.

काझी सरांनी त्या वेळी एकच आक्षेप घेतला होता. जे आपोआप वाढतं ते परत बोलावता येत नाही, असं ते म्हणाले होते. निरोगी उंदरांना सुघटक टोचून दोन वर्षं ठेवलं, काही झालं नाही. उंदराचं आयुष्यच तेवढं. आणखी मोठ्या प्राण्यांवर बघत बसायला हेमराजकडे मात्र वेळ नव्हता. कस्तुरीनं आग्रह धरला आणि सरांनी सही केली.

हेमराज वाचला. कस्तुरीनं स्वतः टोचून घेतलं, आणि मग त्या आजाराच्या त्रेपन्न कुटुंबांनी. दोन वर्षांनी तिनं आणि तिचा नवरा सारंग यानं मूल व्हावं असं ठरवलं, तेव्हा तिनं प्रयोगशाळेत गर्भ तपासून घेतले. जनुक नसलेला एकच निघाला. तीच पर्णी. पिढ्यान् पिढ्यांची साखळी आपण तोडली, असं त्या दिवशी तिला वाटलं होतं.

आता पडद्यावर उलट्या दुमडलेल्या माळांचे जुडगे दिसत होते. त्यांच्या गाभ्याची ठेवण तिनं लगेच ओळखली. ती तिनंच आखली होती.

"हा सुघटक आहे," ती म्हणाली. "माझ्याकडून गेला. नाळेतून."

"हो. किंवा दुधातून."

"पण माझ्या डोक्यातही तो बारा वर्षं आहे. मला काही झालं नाही."

काझी सर तिच्या शेजारी बसले. रात्री त्यांनी दोन नळ्या लावून ठेवल्या होत्या, त्यांचे आकडे त्यांनी तिच्यासमोर ठेवले. "आपण त्याची पकड वेगळ्या मण्याच्या मापाची केली. तुझ्या मेंदूत तशी माळ रोज तयार होते. तो तिच्यात गुंतलेला असतो, चांगल्या माळेकडे वळतच नाही. पर्णीच्या मेंदूत ती माळच नाही. मग जे होतं ते त्यानं धरलं. माप बसत नव्हतं, तरी धरलं. दर वेळी घडी थोडी चुकली आणि चुकलेली घडी पुढे गेली. दहा वर्षं."

कस्तुरीनं आकडे पुन्हा वाचले. दोन्ही नळ्यांत सुघटक आणि चांगलं प्रथिन होतं. पहिलीत शिवाय वेगळ्या मण्याचंही होतं, दुसरीत नव्हतं. पहिली स्वच्छ होती आणि दुसरी गढूळ.

सरांनी बाकीच्या कुटुंबांतही फोन करून विचारलं होतं. सुघटक घेतलेल्या बायकांना पुढे अकरा मुलं झाली. सात मुलांत ते जनुक आलं होतं. ती सगळी ठणठणीत होती. उरलेल्या चौघांपैकी दोघांची झोप उडाली होती.

पुढचं सर बोलणार नाहीत हे कस्तुरीला ठाऊक होतं. ते वाक्य तिलाच उच्चारावं लागणार होतं.

"तिला ते जनुक द्यायला हवं," ती म्हणाली. "ती माळ तयार झाली की सुघटक तिच्याकडे वळेल. जळलं ते भरून येणार नाही. पण पुढचं थांबेल."

"तुझ्या बापाला मारलेलं जनुक."

"हो."

निरुपद्रवी विषाणूवर जनुक चढवून मेंदूत पाठवायची पद्धत जुनीच होती. दुसऱ्या संस्थेत अशा उलट्या माळांची लागण झालेले उंदीर तयार होते. त्यांच्यावर तीन आठवड्यांत उत्तर मिळालं. तोवर पर्णी आईला ओळखायची, पण बाबांना कधी कधी मामा म्हणायची. परवानगीच्या कागदावर सारंगनं न वाचताच सही केली. कस्तुरीनं तो शेवटपर्यंत वाचला. कुठलं जनुक देणार आणि ते कुठून घेतलं, या दोन रकान्यांत तिला स्वतःच्या पेशींचा क्रमांक लिहायचा होता.

मात्रा दिल्यानंतर विसाव्या दिवशी, भर दुपारी, खिडकीतून ऊन अंगावर येत असताना पर्णी झोपली. चाळीस मिनिटं झोपली. परिचारिकेनं पडदा ओढला नाही. कुणी हलायलाच तयार नव्हतं. जागी झाल्यावर तिनं पाणी मागितलं. तिचा उजवा हात पुढे कायमचा थरथरत राहिला आणि पाढे ती विसरली ते विसरलीच.

"म्हणजे आता मी तुझ्यासारखी?" एकदा तिनं विचारलं.

कस्तुरी हो म्हणाली. पर्णीला त्याचा आनंद झाला.

हेमराज भाचीला बघायला गावाहून आला, तेव्हा कस्तुरीनं त्याला सगळं सांगितलं. मग त्यानं विचारलं, की हे रक्तातूनही जातं का. बरा झाल्यापासून तो दर तीन महिन्यांनी रक्तदान शिबिरात जात होता. जीव परत मिळाला त्याची फेड म्हणून.

"मी तं चांगलं म्हणून देत होतो, बाई," तो म्हणाला.

त्याच्यासारखे आणखी सव्वीसजण निघाले. प्रत्येक बाटलीचे रक्तपेढीत तीन भाग होऊन ते तीन रोग्यांना गेले होते, आणि बारा वर्षांत त्या रोग्यांपैकीही कित्येकांनी रक्त दिलं होतं, शस्त्रक्रिया करून घेतल्या होत्या, मुलं जन्माला घातली होती. आरोग्य खात्याच्या बैठकीत सचिवांनी सरळ विचारलं, की लागण झालेल्यांना शोधून तेवढ्यांनाच जनुक का देऊ नये.

काझी सरांनी सांगितलं, की सुघटक मेंदूचा तुकडा काढल्याशिवाय सापडत नाही. लक्षणं दिसेपर्यंत निम्मं जळून गेलेलं असतं. आणि लागण नसलेल्याला चुकून जनुक दिलं, तर त्याच्या मेंदूत ती सैल माळ तयार होईल आणि तिला धरणारं कुणी नसेल. त्याला चाळिशीनंतर परातेंच्या घराण्याचं मरण येईल.

"मग करायचं काय?" सचिवांनी विचारलं.

उत्तर कस्तुरीनं दिलं. ज्याच्या डोक्यात दोन्ही आहेत, तोच जगतो. म्हणून प्रत्येकाला दोन्ही द्यावी लागतील. जनुक पण आणि सुघटक पण. आधी या जिल्ह्यांत, मग राज्यात, मग रक्त जिथवर पोहोचलं असेल तिथवर. पुढे जन्माला येणाऱ्या प्रत्येक मुलालाही. हे कधी थांबवता येणार नाही, तेही तिनं सांगितलं. दुसरा मार्ग कुणाकडे नव्हता.

पुढच्या वर्षी वैशाखात मोहीम सुरू झाली. पहिल्या दिवशी संस्थेच्या आवारात मंडप घातला होता आणि ऊन चढायच्या आतच रांग रस्त्यापर्यंत गेली होती. पहिल्या खुर्चीत सारंग बसला. दोन वर्षांपूर्वीच्या अपघातात त्याला चार बाटल्या रक्त चढवलं होतं. कुणाचं, ते आता कुणी सांगू शकत नव्हतं. त्याच्या घराण्यात झोपेवाचून कधी कुणी मेलं नव्हतं.

त्यानं बाही वर केली. कस्तुरीनं कुपी उजेडात धरून क्रमांक तपासला. तो तिच्याच पेशींचा होता.

"आज कुठलं?" त्यानं विचारलं.

"आज रोग," ती म्हणाली. "औषध सहा आठवड्यांनी."

त्यानं मान हलवली आणि दंड पुढे केला. मागच्या खुर्चीतल्या बाईनं हे ऐकलं होतं. तिनं मांडीवरच्या बाळाचं झबलं सोडायला घेतलेला हात क्षणभर थांबवला, मंडपाबाहेरच्या रांगेकडे पाहिलं, आणि मग राहिलेली गाठ सोडली.